मीनाई वाडग्यावरचा दरबार: आधी रंगांचा क्रम वाचा, मग राजा

प्रश्न असा आहे: बाराव्या-तेराव्या शतकातल्या इराणी रंगीत वाडग्यांवर तख्तावर बसलेला राजा, दोन्ही बाजूंना सेवक, वादक आणि घोडेस्वार दिसतात. हा राजा कोण, ते ओळखता येतं का? आणि असा वाडगा संग्रहालयात किंवा लिलावाच्या यादीत समोर आला, तर चित्रातलं मूळचं काय आणि मागाहून कुणी रंगवलेलं काय, हे कसं कळावं?

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात देता येतं. बहुतेक वेळा तो राजा विशिष्ट असा कुणीच नसतो. दुसऱ्या भागाला वेळ लागतो, पण तो समजला की पहिलाही नीट समजतो. भांडं कोणत्या क्रमानं घडलं आणि कोणता रंग कोणत्या भट्टीत गेला, हे कळल्याशिवाय या चित्रांविषयी केलेलं बरंचसं बोलणं हवेत राहतं. म्हणून आधी भांडं, मग दरबार.

ही भांडी आज मीनाई या नावानं ओळखली जातात. पूर्वी विक्रेते यांना सर्रास तेहरानजवळच्या रय शहराचं काम म्हणत, कारण कितीतरी तुकडे तिथल्या उकरलेल्या ढिगाऱ्यांतून निघाले. पण सापडलं कुठे आणि घडलं कुठे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांड्यांचं द्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर, आणि सह्या पाहिल्यावरही, बोट काशानकडे जातं. काशान हे वाळवंटाच्या कडेचं, कुंभारांच्या घराण्यांचं गाव.

आपलं नशीब असं की यातल्याच एका घराण्यातल्या माणसानं कृती लिहून ठेवल्या. अबुल कासिम अब्दुल्ला काशानी हा इतिहासकार होता, पण त्याचे वडील अली, आजोबा मुहम्मद आणि पणजोबा अबू ताहिर हे सगळे कुंभार. हिजरी 700, म्हणजे 1301 च्या सुमारास त्यानं रत्नं आणि सुगंधी द्रव्यांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शेवटी कुंभारकामाचं प्रकरण जोडलं. मीनाईचा बहराचा काळ तोवर सरला होता, हे ध्यानात ठेवायचं. पण गाव तेच, भट्ट्या त्याच धर्तीच्या आणि हात त्याच घराण्याचे, त्यामुळे त्याच्या आकड्यांना मोल आहे.

त्याच्या कृतीत माती नावापुरतीच आहे. पांढऱ्या दगडाचं, म्हणजे गारेचं पीठ 10 भाग, दळलेली काच 1 भाग आणि पांढरी चिकणमाती 1 भाग. ही काच आधी वेगळी करून घ्यायची: 105 भाग गारेचं पीठ आणि 100 भाग खारट वनस्पतींची राख मंद आचेवर वितळवायची, लोखंडी पळ्यानं तासन् तास ढवळायची आणि तो लाल रस पाण्याच्या खड्ड्यात ओतायचा. गार पाण्यात पडताच काच तडतडून फुटते, म्हणून पुढे दळायला सोपी जाते. एवढा खटाटोप कशासाठी? चीनमधून येणारी पांढरी, पातळ भांडी इराणात लोकांच्या डोळ्यांत भरली होती आणि तशी माती तिथे नव्हती. मग दगडाचंच पीठ मळून पांढरं अंग तयार केलं. या मिश्रणात अडचण एकच, पण मोठी: चिकटपणा फारच कमी. चाकावर ते लवकर फाटतं, कड उचलताना चिरतं आणि वाळताना बुडाशी भेगा देतं. म्हणून या काळातली बरीच भांडी साच्यावर किंवा साच्याच्या आधारानं केलेली आढळतात. फुटलेल्या कडेवर हे अंग बारीक साखरेच्या वडीसारखं दाणेदार आणि पांढरट दिसतं. तिथे लालसर, गुळगुळीत, एकजीव माती दिसली तर पुढचं काही बघायची गरजच उरत नाही.

या अंगावर झिलई, म्हणजे काचेसारखा थर, चढते ती कथलाची. अबुल कासिमचं प्रमाण असं: चांगलं शिसं 3 भाग आणि कथील एक तृतीयांश भाग. माल उंची हवा असेल तर कथील अर्ध्या भागापर्यंत वाढवायचं. हे दोन्ही भट्टीत जाळून त्याची भुकटी काचेच्या पिठात मिसळली की झिलई दुधाळ, अपारदर्शक होते. कथील महाग, म्हणून कुठे हात आखडला की झिलई पातळ पडते आणि खालचं अंग मळकट डोकावतं. काही वाडग्यांवर पांढऱ्याऐवजी फिरोजी झिलई असते. कृती तीच, फक्त झिलईत तांबं पडतं.

आता नीट लक्ष द्यायचं ते रंगांच्या दोन गटांकडे. पहिला गट मोठ्या आचेला टिकणारा: कोबाल्टचा निळा, तांब्याचा फिरोजी आणि मँगनीजचा जांभळा. हे रंग झिलईबरोबरच पहिल्या भट्टीत भाजले जातात, म्हणून तिच्यात मुरतात. कोबाल्टचा दगड काशानच्याच डोंगरातल्या कमसर गावी मिळे. दुसरा गट नाजूक: काळा, तांबडा, तपकिरी, पांढरा आणि सोनं. हे रंग आधीच भाजून थंड झालेल्या झिलईवर लावायचे आणि पहिल्यापेक्षा बऱ्याच कमी आचेच्या दुसऱ्या भट्टीत फक्त पृष्ठभागावर चिकटवून घ्यायचे.

भट्टीबद्दलही अबुल कासिम नेमकं लिहितो. 12 तास सारखी, कडक आच. आधीच्या लाकडाचा धूर पूर्ण निघून गेल्याशिवाय नवं लाकूड घालायचं नाही, आणि बगदाद-तब्रिझकडे तर धूर नको म्हणून विलो झाडाची साल काढून लाकूड वापरत. धुराची एवढी धास्ती कशाला? आतली हवा घुसमटली की तांब्याचा फिरोजी मळतो आणि पांढऱ्या झिलईवर राखाडी झाक येते. मग भट्टी आठवडाभर थंड होऊ द्यायची. घाईनं दार उघडलं तर झिलईला तडे जातात आणि काचेसारखं भरड अंग चिरतं.

दुसरी भट्टी हा खरा जुगार. आच कमी पडली तर काळी रेघ बोटानं पुसली जाईल इतकी कच्ची राहते. जास्त झाली तर तांबडा रंग काळवंडतो, बारीक रेघा वितळून चकाकतात आणि चेहऱ्यांचे डोळे-भुवया एक होतात.

एवढं समजलं की वाडगा हातात धरून (किंवा संगणकावर मोठा करून) एक गोष्ट लगेच दिसायला हवी. बसलेल्या माणसाचा निळा अंगरखा घ्या. निळ्याची कड कधीच धारदार नसते. झिलई वितळताना तो रंग थोडा पसरलेला असतो, त्याची कड धुकट असते. त्यावर दुसऱ्या भट्टीची काळी रेघ ओढलेली असते, ती मात्र केसासारखी स्वच्छ. आणि त्या दोघांचं तंतोतंत जुळत नाही: निळा कुठे रेघेबाहेर सांडलेला, कुठे आत कमी पडलेला. चित्रकारानं आधी निळ्याचे डाग टाकून आकृतीची जागा ठरवली, भांडं भाजलं, आणि मग त्या डागांवर माणूस रेखला. निळा रेघेत घट्ट बसलेला, कडेपर्यंत नीट भरलेला असेल तर शंका घ्या. रंगवणाऱ्यानं तो रेघ पाहून भरला आहे, म्हणजे क्रम उलटा झाला आहे.

घोडा निळा का, याचंही माझ्या मते हेच उत्तर आहे. निळे-फिरोजी डाग वाडगाभर समतोल पडावेत म्हणून चित्रकार ते आधी वाटून घेतो. जिथे निळा पडला तिथे घोडा आला, तर घोडा निळा. त्यात दैवी घोडा शोधायला जाऊ नये.

सोन्याचं प्रकरण वेगळं. सोनेरी मुलाम्याच्या उंची भांड्यांसाठी अबुल कासिम सांगतो की एक मिस्काल, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, सोनं ठोकून 24 पत्रे करायचे, मध्ये गिलाव्याचं पीठ लावलेले कागद घालायचे, मग कात्रीनं तुकडे कापून पातळ सरसानं कलमाच्या टोकानं चिकटवायचे आणि कापसानं दाबून बसवायचे. मीनाईवरचं सोनंही असंच वरवरचं असतं, आणि जमिनीखाली आठ शतकं काढल्यावर सगळ्यात आधी तेच जातं. उरते ती भोवतीची तांबडी रेघ. मुकुटात, कंठ्यात, बाहीच्या पट्टीत, लगामाच्या फुलांत रिकामी पांढरी जागा दिसली आणि तिच्याभोवती बारीक तांबडी रेघ असली, तर तिथे सोनं होतं असं समजावं. राजा आज फिका दिसतो, मूळचा तो झगमगत होता.

आता तख्ताकडे वळू. मधली व्यक्ती मोठी, मांडी घालून, तोंड समोर, एका हातात प्याला. मागे तख्ताची पाठ आणि तिचे दोन खांब. दोन्ही बाजूंना उभे किंवा गुडघ्यावर टेकलेले सेवक, त्यांची तोंडं अर्धवट वळलेली, नजर मधल्याकडे. खाली बहुधा अर्धवर्तुळाकार पाणी, त्यात मासे. पाणी वरून पाहिल्यासारखं आणि माणसं समोरून, दोन्ही एकाच चित्रात. बाजूला चौकटी-चौकटींचा सरू वृक्ष, कधी पक्षी. काठाच्या पट्ट्यात घोडेस्वार एकामागे एक, कधी चौगानची (पोलोची) काठी घेतलेले, कधी घोड्याच्या पाठीवर शिकारी चित्ता बसवलेले. कुठे चंग किंवा ऊद ही तंतुवाद्यं वाजवणारे. चित्रकाराकडे या आकृत्यांचा ठरलेला साठा होता आणि तो भांड्याच्या आकाराप्रमाणे त्या मांडत जाई. एकच बसलेला माणूस एका वाडग्यात राजा, दुसऱ्यात प्रियकर आणि तिसऱ्यात श्रोता म्हणून भेटतो.

चेहरे सगळ्यांचे सारखेच: गोल, चंद्रासारखे, डोळे लांबट आणि तिरके, तोंड एका ठिपक्याएवढं, खांद्यांवर लांब केसांच्या बटा. सौंदर्याचा हा त्या काळच्या फारसी काव्यातला ठरलेला आदर्श आहे. स्त्री कोण, पुरुष कोण, हे चेहऱ्यावरून ठरवू नये. डोक्यावर काय आहे ते पाहावं, आणि तेवढ्यानंही दरवेळी उलगडा होत नाही. डोक्यामागचं वलय सगळ्यांना असतं, सेवकाला आणि कधीकधी पक्ष्यालाही. त्याचा पावित्र्याशी संबंध नाही. ते चेहरा मागच्या गर्दीतून सुटा दाखवण्याचं साधन आहे. दंडावरची रुंद पट्टी मात्र अर्थपूर्ण: दरबारातून बहाल होणाऱ्या मानाच्या वस्त्रांवर अशा लेखपट्ट्या असत. पण इथे तीही सर्रास सगळ्यांना वाटलेली.

इतिहासाकडे पाहिलं तर हे अधिकच पटतं. तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक या तुर्की घराण्याचा सुलतान संजर 1157 मध्ये वारला. इराणातला शेवटचा सेल्जुक सुलतान तिसरा तुघरील 1194 मध्ये रयजवळ मारला गेला. म्हणजे काशानच्या भट्ट्यांतून तख्तावरचे हे राजे बाहेर पडत होते तेव्हा खरं तख्त डळमळत होतं. बहुतेक वाडग्यांवर मालकाचं नाव नसतं. असतात त्या अरबी शुभेच्छा, ‘त्याच्या मालकाला’ टिकाऊ मान, वाढता इक्बाल (भाग्य), दौलत, सलामती. नाव न घालता आशीर्वाद लिहिणं म्हणजे माल बाजारासाठी केलेला. घेणारे अमीर असतील तसे व्यापारी आणि कारकूनही असतील. ज्याच्या घरी हा वाडगा, त्याच्या घरी चार घटका दरबार, एवढाच त्या चित्राचा अर्थ, आणि तो मला पुरेसा सुंदर वाटतो.

लेखांमध्ये आत-बाहेर फरक असतो. कोनदार कूफी लिपीत बहुधा शुभेच्छा, घसरत्या नस्खमध्ये फारसी प्रेमकविता, बहुतेक रुबाया, म्हणजे चार ओळींच्या कविता. अबू झैद हा या सगळ्यांत मोठा कलावंत. कवितेखाली तो सही करतो, कधी तारीखही घालतो. त्याची कामं 1186 ते 1219 या काळातली मिळतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला तळ्याकाठच्या बैठकीचा वाडगा हिजरी 582 च्या मुहर्रम महिन्यातला, म्हणजे 1186 च्या वसंतातला आहे. नव्यानं अभ्यास करणाऱ्यानं तो आधी पाहावा, कारण तारीख असलेल्या वस्तूशी तुलना करूनच बाकीच्यांचं वय ठरतं. अबू झैदनं मुहम्मद बिन अबी ताहिरबरोबर कुम आणि मशहदच्या दर्ग्यांसाठी चकाकत्या लस्टर फरशाही केल्या. हा मुहम्मद म्हणजे वर आलेल्या अबुल कासिमचा आजोबा.

लस्टरबद्दल इथे थोडकंच सांगतो. त्यात चांदी-तांब्याचा लेप भाजलेल्या झिलईवर लावून 72 तास हलक्या धुरात ठेवायचा, मग ओल्या मातीनं घासायचा, की सोन्यासारखी झाक येते. इथे धूर हवाच. धूर कमी पडला तर नुसता पिवळट डाग, जास्त झाला तर काजळी. रंग एकच असल्यामुळे दरबाराच्या आकृत्या बऱ्याचदा पांढऱ्या सोडून भोवतालची जमीन रंगवली जाते. हे तंत्र ओळखता आलं की मीनाईशी गल्लत होत नाही.

आता अपवाद, म्हणजे जिथे नाव सांगता येतं अशी चित्रं. उंट, त्यावर धनुर्धर आणि त्याच्या मागे चंग घेतलेली स्त्री, आणि जवळ हरीण, तेही मागचं खूर कानाशी नेलेलं: हा इराणचा राजा बहराम गूर आणि त्याची वादक दासी आझादा. शाहनामा या फारसी महाकाव्यातली कथा अशी. आझादा त्याला पैज घालते: हरणाची मादी कर, मादीचा नर कर, आणि एकीचं खूर कानाला शिवून दाखव. तो दुतोंडी बाणानं नराची शिंगं उडवतो, मादीच्या डोक्यात शिंगांसारखे दोन बाण रोवतो, मग गोळीनं एकीचा कान खाजवायला लावून खूर-कान एका बाणात जोडतो. आझादाला हरणाची दया येते. तो तिला उंटावरून ढकलून तुडवतो. मेट्रोपॉलिटनच्या एका वाडग्यात तीच स्त्री दोनदा आहे, एकदा उंटावर आणि एकदा पायांखाली. एकाच व्यक्तीचं असं दोनदा येणं ही गोष्टीची सगळ्यात खात्रीची खूण.

वॉशिंग्टनच्या फ्रीअर दालनातला छोटा प्याला याहून मोलाचा. उंची जेमतेम 12 सेंटीमीटर, त्यावर तीन पट्ट्या, प्रत्येकीत चार चौकटी, अशा बारा चित्रांत शाहनाम्यातल्याच बिझन आणि मनीझा या प्रेमिकांची कथा: रानडुकरांची शिकार, मनीझाची भेट, दगडाखालची विहीर, वीर रुस्तुमनं केलेली सुटका. चित्रं असलेल्या शाहनाम्याच्या ज्या जुन्या प्रती उरल्या आहेत त्या 1300 च्या आसपासच्या किंवा नंतरच्या, म्हणजे हा प्याला त्यांच्या जवळपास शंभर वर्षं आधीचा. त्या काळातली इराणी चित्रपोथी जवळजवळ काहीच उरली नाही. जे चित्र कागदावर होतं ते गेलं, भाजलेल्या झिलईवरचं राहिलं. याच दालनात सुमारे 48 सेंटीमीटर व्यासाचं एक मोठं ताट आहे, त्यावर किल्ल्याचा वेढा आहे आणि योद्ध्यांशेजारी त्यांची तुर्की नावं लिहिली आहेत. तिथे मात्र खरी घटना आणि खरी माणसं शोधणं रास्त आहे. तेव्हा नियम सोपा: नाव लिहिलेलं असेल, व्यक्ती पुन्हा आली असेल किंवा दुसरीकडे न आढळणारी कृती असेल, तरच कथा शोधा.

राहिली तपासणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत मीनाईला अफाट भाव आला आणि अखंड वाडगा जवळपास कुठेच नव्हता. मग तीन प्रकार चालले: दोन-तीन वाडग्यांची खापरं घासून एकाच वाडग्यात जुळवणं, गेलेली चित्रं तेलरंगानं पुरी करणं, आणि चित्र नसलेला खरा जुना वाडगा घेऊन त्यावर नवा दरबार रंगवणं. तिसरा सगळ्यात फसवा, कारण अंग खरंच जुनं असतं. अंगात साठलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाशरूपात बाहेर पडते, ती मोजून वय काढण्याची चाचणी तो सहज पार करतो. ती चाचणी अंगाची आहे, चित्राची नाही.

दहापट भिंग आणि तिरपा प्रकाश एवढ्यानं बरंच काही कळतं. झिलईच्या जुन्या तड्यांवर नजर ठेवा: मूळ रंग तड्याबरोबर तुटलेला असतो, नवा रंग तड्यात उतरून तो भरतो. तड्यांचं जाळं एका रेषेशी अचानक थांबत असेल तर तिथे सांधा आहे. काठावरचा लेख पूर्ण वाचा, निदान अक्षरांचा ताल तरी पाहा. परक्या खापरावर उभे दांडे अंतर बदलतात. आतल्या आणि बाहेरच्या भेगा एकमेकींशी जुळतात का, ते पाहा. अंधारात अतिनील दिवा धरला की लाख, राळ किंवा नवे सरस झिलईपेक्षा वेगळे चमकतात. क्ष-किरण चित्रात खापरांची वेगवेगळी जाडी आणि झिलईतल्या शिशाचं कमीजास्त प्रमाण दिसतं.

मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा निकाल मात्र जपून वाचावा. पांढऱ्या रंगात टायटॅनियम किंवा जस्ताचं भरपूर प्रमाण, तांबड्या-पिवळ्यात कॅडमियम, हिरव्यात क्रोमियम हे सगळं आधुनिक. पण काळ्यात क्रोमियम निघालं म्हणून वाडगा खोटा ठरवू नका. इराणी कुंभार काळ्यासाठी क्रोमाइटचा दगड वापरत. अबुल कासिम खुरासानातल्या जाजर्मच्या अशा चमकदार काळ्या दगडाचा उल्लेख करतो. उलट तो काळा क्रोमाइटचा आहे हे वाडग्याच्या बाजूनंच जातं.

खापर हाताशी असेल तर धुवायचा मोह आवरा. दुसऱ्या भट्टीचे रंग आणि सोन्याचे कण झिलईवर नुसते बसलेले असतात. ओला कापूस फिरवला की ते निघून येऊ शकतात. अॅसिटोन लावून बघावं का, हेही संवर्धकावर सोडा, कारण मागच्या दुरुस्तीबरोबर मूळची काळी रेघही सुटू शकते. कोरडा मऊ ब्रश, खाली मऊ कापड, आणि हात लावण्याआधी तिरप्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रं. कच्च्या रेघा आणि सोन्याच्या रिकाम्या जागा त्याच छायाचित्रांत पुढच्या अभ्यासकाला सापडतात.